फ्रेंचची शिकवणी कोणाला?

परकीय भाषेच्या खासगी शिकवणीचा विषय या पृष्ठावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. ज्या शहापूर-मुरबाड तालुक्यांतील कितीतरी पाड्यांना उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहावी लागते, जेथे घरी कातकरी वा ठाकरी बोलणाऱ्या मुलाला पहिलीचे मराठी पुस्तकही परके वाटते, तेथे फ्रेंचची चर्चा हा शहरी चोचला नव्हे काय? आमचे उत्तर ‘नव्हे’ असे आहे. भाषा कोणी शिकावी, कोणाकडून शिकावी आणि तिचे मोल कोणी मोजावे, हा प्रश्न पाण्याच्या आणि जमिनीच्या प्रश्नासारखाच वाटपाचा प्रश्न आहे.

फ्रेंचची मागणी आज का वाढली, याची कारणे उघड आहेत. मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत भरघोस गुण देणारा विषय म्हणून ती वर्षानुवर्षे घेतली जाते. पर्यटन, भाषांतर आणि परदेशी कंपन्यांची कार्यालये यांत तिला काम आहे. कॅनडाने तर २०२३ पासून स्थलांतरितांच्या निवडीत फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी स्वतंत्र फेऱ्या सुरू केल्या. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही माध्यमिक शाळांत शिकविता येतील अशा परकीय भाषांत फ्रेंचचे नाव घातले आहे. धोरणाच्या कागदावर शहापूरची आश्रमशाळा आणि मुंबईची महागडी शाळा एकाच ओळीत उभ्या आहेत. प्रत्यक्षात काय आहे?

युरोपीय मोजणीप्रमाणे भाषेच्या सहा पायऱ्या असतात. ए-१ ही पहिली आणि सी-२ ही शेवटची. भाषेवर पोट भरावयाचे तर निदान चौथी पायरी, म्हणजे बी-२, गाठावी लागते आणि त्यासाठी शिक्षकासमवेत पाच-सहाशे तास तरी घालवावे लागतात. हे शिक्षण मिळते कोठे? १८८३ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या अलियाँस फ्रान्सेजच्या मुंबईतील वर्गांत, कलिन्याच्या विद्यापीठात, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. शहापूरच्या तरुणाने आधी आसनगाव स्टेशन गाठावयाचे आणि मग कसाऱ्याच्या गाडीत तास-दोन तास उभे राहावयाचे. मुरबाडला तर रेल्वेच नाही. एसटीने कल्याण गाठल्यावर पुढचा प्रवास सुरू होतो. दिवसपाळी करून रोज हे करणे कोणाला शक्य आहे?

भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातील आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. ते मुंबईच्या घरांत पोचावे यासाठी नळ टाकले गेले, खर्च केला गेला. मुंबईची विद्या शहापुरात पोचावी यासाठी मात्र कोणी नळ टाकला नाही. ती ज्याने त्याने आपल्या घागरीने वाहून आणावी, अशी व्यवस्था आहे.

उरतो तो खासगी शिक्षक. आता तो मोबाईलवरही भेटतो, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्याचा मोबदला तासावर असतो आणि तास तर शेकड्यांनी लागतात. एमआयडीसीतील कंत्राटी कामगाराने हा हिशेब मांडला की वही तेथेच मिटते. शिकविणाराही बहुधा भाषेचा पदवीधर असूनही कायमची नोकरी न मिळालेला, ना रजा ना भविष्यनिर्वाह निधी असलेला असंघटित श्रमिकच असतो. या दोघांच्या गरजेवर नफा कमावतात ते ‘फ्रेंच शिका, कॅनडा गाठा’ अशा पाट्या लावणारे दलाल. परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे व्हिसा मिळणे नव्हे, हे ते सांगत नाहीत.

खासगी शिक्षक ही मूळची राजवाड्यातील सोय. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याला दत्तक गेला. त्याच्यासाठी इलियट नावाचा इंग्रज शिक्षक नेमण्यात आला आणि थोड्याच वर्षांत तो मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांत वावरू लागला. हेच सयाजीराव गायकवाड. कुणब्याच्या पोराच्या बुद्धीत उणे काही नव्हते. उणीव होती ती शिक्षकाची आणि निवांत वेळाची. या मुलाने मोठेपणी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आपल्याला वाड्यात मिळाले ते प्रजेला गावात मिळावे, हा त्याचा अर्थ.

येथे समाजवादी वाचक हटकून विचारील, इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध बोलणाऱ्यांनी दुसऱ्या साम्राज्याच्या भाषेची तरफदारी का करावी? अल्जीरिया आणि व्हिएतनाम आम्ही विसरलेलो नाही. परंतु ‘अंग्रेजी हटाव’चा पुकारा करणारे डॉ. लोहिया स्वतः बर्लिनला जाऊन जर्मन शिकले आणि १९३३ साली तेथूनच डॉक्टर होऊन परतले. भाषा येणे हा त्यांच्या लेखी दोष नव्हता. ती न येणाऱ्याला कचेरीच्या आणि कोर्टाच्या दाराबाहेर उभे करणे, हा दोष होता. फ्रेंचने शहापुरात कोणाचे दार अडविलेले नाही. तिच्याकडे आवडीने जाता येते.

शिवाय ती मराठीतून शिकविली तर वाट जवळची होते. फ्रेंच त आणि द मराठीसारखेच दातांना टेकतात. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ यांतील विशेषणाचा बदल आपल्याला समजावून द्यावा लागत नाही. फ्रेंचमध्ये तो तसाच होतो. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद इंग्रजीने गमावला, फ्रेंचने राखला. फ्रेंच मनुष्य ऐंशी या संख्येला ‘चार विसा’ म्हणतो आणि नव्वदीला ‘चार विसा दहा’. इंग्रजी माध्यमातील विद्यार्थी येथे अडखळतो. विसांनी हिशेब करणाऱ्या आपल्या खेड्यातील आजीबाईला त्यात नवल वाटणार नाही. तरीही शिकवणी आणि क्रमिक पुस्तके बहुतेक इंग्रजीतून चालतात. म्हणजे फ्रेंचच्या दारात जाण्यापूर्वी इंग्रजीचा जकातनाका ओलांडावा लागतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. शहापूर आणि मुरबाड येथे सार्वजनिक वाचनालयात वा महाविद्यालयात संध्याकाळचा भाषावर्ग निघावा. त्यासाठी पगारी शिक्षक नेमावा. शुल्क ऐपतीप्रमाणे घ्यावे, नसेल त्याला माफ करावे. शिकवणे मराठीतून व्हावे. पाच-दहा जणांचा गट असला तरी शिक्षकाचे लक्ष प्रत्येकाकडे राहू शकते आणि खासगी शिकवणीचा खरा गुण तोच आहे. आश्रमशाळेतील पहिलीच्या मुलाला त्याच्या घरच्या बोलीतून मराठीकडे नेणारा शिक्षक देणे, हे याच कामाचे पहिले पाऊल. ते टाळून फ्रेंचचे वर्ग काढले तर तो देखावा ठरेल.

सारे शहापूर फ्रेंच बोलू लागावे, असे कोणी म्हणत नाही. एखाद्या पाड्यावरच्या मुलीला ती शिकावीशी वाटली, तर ‘तुझ्या बापाची ऐपत किती?’ हा पहिला प्रश्न तिला विचारला जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.