आधी गेज, मग पंप
चढावर गाडी दम टाकते म्हटलं की मेकॅनिकचा हात थेट नव्या इंधन पंपाकडे जातो. मला हे पटत नाही. माझी जुनी पेट्रोल गाडी कसारा घाटात अशीच रखडायची. म्हणून सांगते, आधी इंधनाच्या लाइनला दाबाचा गेज लावा. अशा बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत दाब 3 बारच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. उभ्या गाडीत दाब ठीक, पण जोर पडताच घसरला, तर पंपाआधी फिल्टर आणि वायरिंग बघा. आवाजाचंही तसंच. इंजिनच्या वरून येणारी टिकटिक बहुधा टॅपेटची. खालून, भार पडल्यावर येणारी ठकठक बेअरिंगची असू शकते, तिथे पेट्रोलचा नव्हे, ऑइलचा दाब तपासायचा. गॅरेजमध्ये गेज मागितला की उत्तर ठरलेलं, “ताई, आम्हाला कानानं कळतं.” कळत असेल, मग नवा पंप बसवूनही घाटात गाडी रखडली, तेव्हा बिलाचं बोलताना ते कान कुठे जातात?