विश्लेषण : शस्त्रक्रियेपूर्वी रक्तस्रावाचा धोका कसा ओळखायचा?

हर्निया किंवा कुटुंब नियोजनासारख्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ‘बीटी-सीटी’ तपासणी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. अहवाल ‘नॉर्मल’ आला की रुग्ण निर्धास्त होतो. मात्र केवळ या अहवालावर विसंबणे जोखमीचे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर अधिकच.

‘बीटी-सीटी’ पुरेशी का नाही?

त्वचेला टोचल्यावर रक्त थांबण्यास आणि काढलेले रक्त गोठण्यास किती वेळ लागतो, हे या तपासणीत पाहतात. त्यावरून शस्त्रक्रियेत किती रक्त जाईल, याचा भरवशाचा अंदाज येत नाही. सौम्य हिमोफिलिया त्यातून निसटू शकतो. म्हणूनच ब्रिटनमधील रक्तविकारतज्ज्ञांच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनी सरसकट तपासण्यांऐवजी रुग्णाच्या पूर्वेतिहासावर भर दिला.

कोणते प्रश्न महत्त्वाचे?

दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबायला वेळ लागला होता का? पाळीत अति रक्तस्राव होतो का? मामा किंवा मावसभावाला असा त्रास आहे का? हिमोफिलिया आईकडून मुलाकडे येत असल्याने हा प्रश्न मोलाचा. अ‍ॅस्पिरिन, वॉरफॅरिन सुरू आहे का? वॉरफॅरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात. पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. उत्तरांत शंका आढळल्यास नेमक्या तपासण्या कराव्या लागतात.

या जिल्ह्यांत वेगळे काय?

येथे मलेरिया आहे आणि त्यात प्लेटलेट घटतात. बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांसाठी त्या किमान ५० हजार असाव्यात, असे मानतात. त्यामुळे नुकताच ताप येऊन गेला का, हे विचारायलाच हवे. सिकलसेलमुळे रक्तस्राव वाढतोच असे नाही. पण हिमोग्लोबिन आधीच कमी असल्याने थोडे रक्त गेले तरी रुग्णाला ते झेपत नाही. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. त्यातील तपासणीचे कार्ड शस्त्रक्रियेपूर्वी पाहिले जाणे म्हणूनच आवश्यक ठरते.

अंतराचा प्रश्न किती गंभीर?

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात; त्या प्रत्येक केंद्रात साठवून ठेवणे शक्य नाही. ज्या रुग्णाला रक्त लागू शकते, त्याला आधीच मोठ्या रुग्णालयात पाठवणे हाच सुरक्षित मार्ग. त्यासाठी लागणारे प्रश्न रुग्णाला समजणाऱ्या माडिया किंवा गोंडीत विचारले गेले, तरच उत्तर खरे मिळेल. त्याला यंत्र लागत नाही. दुभाषी आशा कार्यकर्ती आणि दहा मिनिटे लागतात.