ताण सोसायला नव्हे, ओळखायला शिकवा

गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही मनातली घालमेल घेऊन तिथे येतात. शरीराच्या दुखण्यासाठी मात्र जिल्ह्यातले गोरगरीब सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठतात. रुग्णालयात रात्रभर जागणाऱ्या तरुण डॉक्टरच्या मनातली घालमेल कोणी ऐकायची?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यगटाचा अहवाल २०२४ मध्ये आला. पाहणीत सहभागी झालेल्या एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आजार असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको, एक सुट्टी आणि सात-आठ तास झोप हवी, अशी या गटाची शिफारस आहे. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या पायाभूत अभ्यासक्रमात तर २०१९ पासूनच ताण हाताळण्याचे धडे आहेत.

त्याच २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी हिने जीवन संपवले. ती जळगावची, तडवी भिल्ल मुस्लिम समाजातली. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे. तिला प्राणायामाचा एखादा तास मिळून काय झाले असते? अभ्यासाचा, परीक्षेचा, रुग्ण दगावल्याचा ताण पेलायला शिकता येते. अपमान पेलायला शिकवायचा नसतो, तो थांबवायचा असतो. दोन्हींतला फरक ओळखणे, हाच प्रशिक्षणाचा पहिला धडा हवा.

त्याची वाट जिल्ह्यातच सापडते. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवे विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात. श्रमदान, सर्वधर्म प्रार्थना होते. एकाच अंगणात झाडू मारणाऱ्यांना एकमेकांची जात काढणे जड जाते, असे आम्हाला वाटते. अशा सहवासाला आणखी दोन गोष्टींची जोड प्रत्येक महाविद्यालयाने द्यावी. समुपदेशक परीक्षक नसावा आणि तक्रार करणाऱ्याचे नाव फुटू नये.

थोडे आपल्या घराकडेही पाहू. मोहल्ल्यातली मुलगी मेडिकलला लागली की आपण पेढे वाटतो. ती फोनवर रडली तर मात्र ‘सब्र कर बेटी’ म्हणतो. सब्र म्हणजे जुलूम गिळणे नव्हे. तिला आधी विचारा, त्रास कशाचा आहे? दुवा मागा, दवाही घ्या. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे. आणि छळ असेल तर तक्रार करायला तिच्यासोबत उभे राहा.