मोबदला नव्हे, वाटा

दिनकर बाळू पाटील, म्हणजे रायगडच्या गावागावांतले ‘दिबा’, यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा. त्यांच्या जन्मशताब्दीत चर्चा आहे ती नवी मुंबई विमानतळाला त्यांचे नाव देण्याची. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले. दिबांच्या नावाचा ठराव राज्य विधिमंडळाने २०२२ मध्येच केला होता. नाव लागलेच पाहिजे. पण दिबांनी केले काय, हे त्या विमानतळावर उतरणाऱ्यांना, आणि त्याहून अधिक आज विधानसभेत बसणाऱ्यांना, ठाऊक असायला हवे.

उरण तालुक्यातल्या जासईच्या शेतकरी घरातला हा मुलगा शिकून वकील झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या भरात, १९५७ साली, शेतकरी कामगार पक्षाचा आमदार म्हणून तो पनवेलमधून निवडून आला. त्याच वर्षी १ एप्रिलला ‘कृषक दिन’ उजाडला आणि कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याची वाट मोकळी केली. याच कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप केला होता. अशा मुलखात सातबाऱ्यावर स्वतःचे नाव चढणे म्हणजे पिढ्यांचे पांग फिटणे होते.

त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत, १९७० मध्ये, नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी हव्या होत्या आणि त्या घ्यायला हाताशी होता १८९४ चा भूसंपादन कायदा. अधिसूचना निघेल त्या दिवशीचा बाजारभाव आणि वर ठरावीक टक्के रक्कम, एवढाच त्याचा हिशेब. भरतीचे पाणी बांध घालून अडवलेल्या खारजमिनीला आणि मिठागराला त्या दिवशी असा काय भाव असणार? शहर उभे राहिल्यावर याच जमिनीचे सोने होणार होते. त्यात मूळ मालकाचा एक पैसाही कायदा धरत नव्हता.

दिबांच्या वकिलीचे मोल इथे कळते. वाढीव भावासाठी कोर्टात दावे लढता आले असते. पण न्यायाधीश झाला तरी कायद्याच्या चौकटीतच भाव वाढवणार. दिबांनी या चौकटीलाच हात घातला. जमीन आमची आणि शहरही तिच्यावरच उभे राहणार, तर शहरात आम्हाला मोबदला नव्हे, वाटा हवा, ही मागणी त्यांनी लावून धरली. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार आणि १९७२ नंतरच्या विधानसभेत विरोधी पक्षनेते राहिलेल्या या वकिलाने सभागृहातला शब्द आणि रस्त्यावरचा लाल बावटा कधी वेगळे होऊ दिले नाहीत.

त्याची किंमत मोठी होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरणच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे बळी घेतले. त्याच वर्षअखेरीस इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत विरोधक वाहून जात असताना कुलाब्याने दिबांना लोकसभेवर पाठवले. पुढे १९९० च्या दशकात साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आकाराला आली. मूळ मालकाला शहराच्या वाढीत हिस्सा देणारे हे तत्त्व पुढे विमानतळग्रस्तांसाठी साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. जो १८९४ चा कायदा दिबांनी आयुष्यभर अपुरा ठरवला, तो १ जानेवारी २०१४ रोजी इतिहासजमा झाला. दिबा त्याआधी काही महिने, २४ जून २०१३ रोजी गेले होते.

मात्र ही लढाई पूर्ण जिंकली असे म्हणणे त्यांच्याशीच अप्रामाणिकपणाचे ठरेल. एका एकराचे साडेबारा टक्के म्हणजे सुमारे ५०६ चौरस मीटर. सार्वजनिक सोयींसाठीची कपात गेली की पावणेनऊ टक्के, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर हाती येतात. चार भावांचे घर असेल, तर एकेकाच्या वाट्याला नव्वदही नाहीत. अनेकांनी वाट पाहून थकून भूखंड विकले. न्हावा-शेवा बंदरासाठी जमीन दिलेल्यांना या साडेबारा टक्क्यांसाठी आणखी दोन दशकांहून अधिक काळ झगडावे लागले. वाढत्या कुटुंबांनी गावठाणालगत गरजेपोटी बांधलेल्या घरांचा प्रश्न तर एका शासन निर्णयातून दुसऱ्या शासन निर्णयात ढकलला जात राहिला.

वाढवण बंदरापासून शक्तिपीठ महामार्गापर्यंत आज महाराष्ट्रात जमिनीचाच प्रश्न धगधगतो आहे. विधेयके मात्र गोंधळात, चर्चेविना मंजूर होतात. कलम वाचणारा, त्यातली उणीव हेरणारा आणि ती भरून काढायला गावकऱ्यांसोबत बांधावर उभा राहणारा आमदार हवा असेल, तर पक्षांनी उमेदवारी देताना पैशाआधी अभ्यास पाहिला पाहिजे.

शताब्दीनिमित्त आमची सरकारकडे एक मागणी आहे. साडेबारा टक्क्यांचे किती भूखंड अजून द्यायचे आहेत आणि गरजेपोटी बांधलेली किती घरे नियमित व्हायची आहेत, याची गाववार यादी येत्या अधिवेशनात सभागृहासमोर ठेवा आणि प्रत्येक गावापुढे तारीख लिहा. दिबा आज विधानसभेत असते, तर त्यांनी स्वतःच्या नावाआधी ही यादीच मागितली असती.