खेळ संपतो, चाल राहते

बेळगावच्या माणसाला गाण्याची आवड कुठून लागली असे विचारले, तर तो सहसा गुरूचे नाव सांगत नाही, ठिकाणे सांगतो. सकाळचे धारवाड केंद्र, दुपारचे सांगली केंद्र, गल्लीतल्या मारुतीच्या देवळातले भजन, हॉटेलात चहा येईपर्यंत वाजत राहिलेली कॅसेट. आमच्यासारख्या दुभाषी घरात तर एका खोलीत तुकोबांचे अभंग आणि दुसऱ्या खोलीत पुरंदरदासांची पदे. पंडित भीमसेन जोशी ‘संतवाणी’ही गायले आणि ‘दासवाणी’ही, याचे आमच्याकडे कुणाला नवल वाटले नाही, घरात दोन्ही चालूच होते.

वाचकहो, यातले फारच थोडे आपण मुद्दाम बसून ऐकले. भाकरी थापताना, नळाला पाणी यायची वाट पाहताना, गणित सोडवताना ते कानावर पडत राहिले. मन भलतीकडे होते आणि कान उघडे होते. आवड लागते ती बहुधा अशीच.

गेल्या वर्षी वर्गातल्या मुलांना ‘मला आवडणारे संगीत’ या विषयावर एक पानभर लिहायला सांगितले. सिनेमा आला, यक्षगान आले, एकाने आजोबांचा संबळ लिहिला. पण चार-पाच जणांच्या लिखाणात असे एक ठिकाण निघाले, जे आपल्या पिढीच्या यादीत सहसा नसते. ते म्हणजे व्हिडिओ गेम. एका मुलीने लिहिले होते की तिला गायकापेक्षा नुसते वाद्यसंगीत आवडते, कारण लहानपणी गेमच्या मागे तेच वाजायचे. स्टाफरूममध्ये हे वाचून दाखवले तेव्हा बरेच जण हसले. मला मात्र ते वाक्य हसण्यासारखे वाटले नाही.

नव्वदच्या दशकात माझ्या धाकट्या भावाकडे टीव्ही गेम होता. त्यात कॅसेट घालायची, चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची, पुन्हा घालायची. त्यातला मारिओ तुम्हाला आठवत असेल. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा खेळ १९८५चा, आणि त्याचे संगीत कोजी कोन्दो यांचे. सगळा खेळ, म्हणजे चित्रे, उड्या, शत्रू आणि गाणी, मिळून ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा घेतो. त्या यंत्राच्या आवाजाच्या चिपला सुरांसाठी तीनच वाटा होत्या. त्याखेरीज तालासाठी एक खरखरता आवाज आणि ध्वनीचे लहानसे तुकडे वाजवण्याची एक सोय. ना व्हायोलिन, ना तबला, ना गळा. मग संगीतकाराच्या हातात उरते काय? चाल. ती इतकी ठसठशीत हवी की पत्र्याच्या डब्यासारख्या आवाजातही ओळखू यावी, आणि शंभर वेळा ऐकूनही डोके उठू नये.

अडचणीतून असे काही निघणे आपल्याला परके नाही. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपास गाणे मावायचे. तासभर राग मांडणाऱ्या गवयांना तेवढ्यात सगळे सांगावे लागले, आणि त्यांनी ते सांगितले. १९२२ साली गदग भागात जन्मलेल्या भीमसेनांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन’ ही ठुमरी अशाच तबकडीवर ऐकली आणि लहान वयात गुरूच्या शोधात घर सोडले, ही गोष्ट आपल्या भागात घरोघर सांगितली जाते. मारिओची चाल आणि खाँसाहेबांची ठुमरी एका पारड्यात घालण्याचा माझा मुळीच विचार नाही. यंत्राने अंग आखडायला लावले की रचना नेमकी होते, एवढेच मला दोन्हीकडे सारखे दिसते. मारिओच्या त्या चालीला २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतले. गेमच्या संगीताला तिथे मिळालेली ती पहिली जागा.

आता ही चाल डोक्यात रुजते कशी? रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिले की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. गेममध्ये तर ही वारंवारता खेळाच्या मुळातच असते. सिनेमाचे गाणे चार मिनिटांत संपते, पण गेमचा टप्पा पार होईपर्यंत तेच संगीत फिरून फिरून वाजते. शिवाय ते खेळणाऱ्याच्या पायाबरोबर चालते. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये अवघे चार सूर होते. शत्रू जवळ येतील तसे ते भरभर वाजायचे आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधड व्हायची. मारिओतही वेळ संपत आली की लय वाढते. श्रोता इथे नुसता बसलेला नसतो, तो त्या लयीत धावत असतो. आपली कष्टाची आठवण त्या सुरांना चिकटते. वारीला जाऊन आलेल्या माणसाला टाळांचा आवाज जसा ऐकू येतो, तसा न गेलेल्याला येत नाही. हेही थोडेफार तसेच.

माझा एक जुना विद्यार्थी आता हुबळीत नोकरी करतो. त्याच्याकडे १९८०च्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांचा मोठा साठा आहे, मायकेल जॅक्सनपासून पुढे. घरात इंग्रजी गाणे कुणी ऐकले नव्हते. मग हे आले कुठून? तर ‘जीटीए व्हाइस सिटी’ या २००२च्या गेममधून. तो खेळ १९८६ सालच्या एका काल्पनिक अमेरिकन शहरात घडतो आणि प्रत्येक गाडीत रेडिओ असतो. एका केंद्रावर रॉक, एकावर पॉप, एकावर लॅटिन अमेरिकेची गाणी. हाणामारी आणि गाड्या पळवण्याचा तो खेळ मुलांच्या हातात द्यावा असा नव्हताच, आणि सायबर कॅफेत तो शाळकरी पोरे खेळत हे मला आजही पटत नाही. पण हा पोरगा खेळातले काम बाजूला ठेवून केवळ रेडिओ ऐकायला समुद्रकाठी गाडी फिरवत बसायचा. स्पॅनिशचा एक शब्द न कळता त्याला तिकडच्या तालाची गोडी लागली. धारवाड आणि सांगली यांच्यामध्ये बटण फिरवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांनी याहून वेगळे काय केले होते?

सगळेच गेम कान घडवतात असे मात्र नाही. मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळात तर मुले संगीत मुद्दाम बंद ठेवतात, कारण शत्रूच्या पावलांचा आवाज ऐकू यावा लागतो. तिथे उरते ती बंदूक आणि आरडाओरडा. मोठ्या खर्चाच्या खेळांतही पुष्कळदा नुसते ढोल आणि भव्यपणा असतो, खेळ संपल्यावर एक ओळ गुणगुणता येत नाही. याउलट ‘सिव्हिलायझेशन ४’ या २००५च्या खेळासाठी ख्रिस्तोफर टिन यांनी स्वाहिली भाषेत बांधलेल्या ‘बाबा येतू’ या प्रार्थनेला २०११ साली ग्रॅमी मिळाले, गेमसाठी केलेल्या संगीताला मिळालेले पहिलेच. आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते जपानी गेमच्या संगीतावर. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा २०२०चा खेळ. गोष्ट भारतीय, देवळे भारतीय, पण संगीतकार लिनोस त्झेलोस हे ग्रीक आहेत. आपल्याकडच्या कुणाला हे काम का मिळू नये, असे मला वाटून गेले. असो.

आमच्या घरची गोष्ट सांगते. मुलगा नववीत आहे. त्याचा इयरफोन मोडला आणि नवा येईपर्यंत आठवडाभर गेमचा आवाज दिवाणखान्यात घुमू लागला. माझे सासरे, म्हणजे मुलांचे अज्जा, घराण्यांत किराणा एवढेच मानणारे. पहिले दोन दिवस त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी विचारले, “एनो इदु?”

“टेट्रिस, अज्जा.”

त्यांनी पेटी ओढली आणि ती चाल शोधून काढली. सा धरल्यावर गंधार, धैवत, निषाद कोमल निघाले. “आसावरी थाटाचे सूर की रे! चलो ऐति,” म्हणाले. मग म्हणाले, “पण हा श्वास कुठे घेतो?” नातू हसला, यंत्राला श्वास कशाला? ती चाल मुळात यंत्राची नाहीच, ‘कोरोबेनिकी’ या एकोणिसाव्या शतकातल्या रशियन गाण्याची आहे, फिरून माल विकणाऱ्यांच्या गाण्याची. १९८९ साली निन्टेन्डोने ती हातात मावणाऱ्या यंत्रातल्या टेट्रिससाठी घेतली. हे सांगितल्यावर अज्जांनी पुन्हा वाजवली, या वेळी मध्ये थांबत थांबत.

त्याच आठवड्यात मला उमगले की गेमच्या संगीताबद्दल माझी तक्रार संगीताविषयी नव्हती. भावाच्या टीव्ही गेमचा आवाज घरभर जायचा. आई पोळ्या लाटताना मारिओची चाल गुणगुणायची आणि भावालाही स्वयंपाकघरातला अभंग ऐकू यायचा. आता मुलगा वर्षानुवर्षे काय ऐकतो ते घरात कुणाला ठाऊक नसते, आणि घर काय ऐकते ते त्याला. आमच्या मुलांना कन्नड आली ती अज्जांच्या पदांतून, मराठी पाठ झाली ती माझ्या आईच्या ओव्यांतून. शिकवणी कुणी लावली नव्हती. हे ऐकू येणेच बंद झाले तर दोन भाषांच्या घरात पुढे एखादीच उरायची, आणि ती बहुधा या दोहोंतली नसेल.

नवा इयरफोन आला आहे. पण संध्याकाळी साडेसात ते साडेआठ तो कुणीही लावायचा नाही असे ठरले आहे. मीसुद्धा नाही, यजमानसुद्धा नाहीत. मुलाची पाळी आली की तो ‘माइनक्राफ्ट’चे संगीत लावतो. डॅनिअल रोझेनफेल्ड यांची ही रचना, हळू पियानो, सुटे सुटे सूर. खेळात तर हे संगीत मध्येच मिनिटेच्या मिनिटे गप्प होते. तेही २०२५ साली अमेरिकेच्या त्या यादीत गेले. ते ऐकत वाढलेल्या या मुलाला अज्जांच्या तबकडीतली विलंबित आलापी चक्क आवडते. डोळे मिटून बसतो. ताना सुरू झाल्या की मात्र उठतो. “अज्जा, ते सावकाश होतं तेवढंच बरं होतं,” म्हणतो, आणि अज्जांना ते लागते. तानेसाठी तर एवढे चढायचे असते, असे त्यांचे म्हणणे. यावर दोघांचे रोज वाजते, अर्धे कन्नडमध्ये आणि अर्धे मराठीत.

यजमानांच्या डोक्यात मात्र टेट्रिस बसले आहे. परवा बँकेत काम करता करता ते गुणगुणत होते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कौतुकाने विचारले, “सर, हे पद कुठल्या नाटकातलं?”