खांद्यावरचा घट्टा

गेल्या रविवारी पुण्याबाहेरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात ‘कॅम्पस व्हिजिट डे’ होता. गेटवर सनई होती. ध्वनिमुद्रित नव्हे, खरोखरची, फेटे बांधलेल्या दोघांची. आत शिरणाऱ्या प्रत्येक पालकाच्या गळ्यात निळी फीत, हातात फोल्डर, फोल्डरात पेन, आणि पायी चालायला नको म्हणून ई-रिक्षा. कॉलेजचं नाव इथे येणार नाही. जे दिसलं ते आणखी डझनभर कॉलेजांत दिसेल, आणि एकाचं नाव छापलं तर बाकीची उगाच निर्दोष ठरतील.

भाचीचा मामा या नात्याने स्तंभलेखकानेही नाव नोंदवलं होतं. मनगटावर घड्याळ असल्यामुळे हिशोब ठेवता आला. एकूण ३ तास १० मिनिटं. त्यातली ५५ मिनिटं वातानुकूलित सभागृहात (ड्रोनने टिपलेली फिल्म, संस्थापकांचं मनोगत, मग पुन्हा तीच फिल्म), ४० मिनिटं जेवणाच्या रांगेत, आणि चारही प्रयोगशाळा मिळून १८ मिनिटं. उरलेला वेळ ई-रिक्षा आणि सेल्फी पॉइंटला. ग्रंथालय ‘स्टॉक टेकिंगसाठी’ बंद. मुलींच्या वसतिगृहाकडे लांबून बोट दाखवण्यात आलं. मेकॅनिकलची एक लॅब दाखवता येणार नाही, आत प्रॅक्टिकल चालू आहेत, असं गाइडने सांगितलं. रविवारी.

त्या १८ मिनिटांतलं एक मिनिट मात्र सगळ्या दिवसाचं भाडं वसूल करून गेलं. सांगोला तालुक्यातून मुलाला घेऊन आलेले एक शेतकरी वर्कशॉपमध्ये मागे रेंगाळले. बाकीची मंडळी थ्रीडी प्रिंटरभोवती जमली होती. हे एका लेथपाशी थांबले. कॅरेजचं चाक हातात धरलं, अर्धा वळसा दिला, बोटं नाकाशी नेली. तेलाचा वास नसावा, कारण कपाळाला आठी पडली. मग चाकाच्या मुठीवरून अंगठा फिरवला. मुठीवरचा रंग शाबूत होता, कुठे घासलेला नाही, उडालेला नाही.

“मॅडम, ह्यावर पोरं काम करत्यात का?”

“हो काका, रेग्युलर,” काउन्सेलर गोड हसली. “चला, पुढे ड्रोन लॅब आहे.”

जेवणाच्या रांगेत त्यांनी आपणहून खुलासा केला. बैल घेताना खांद्यावर हात फिरवून घट्टा बघतात. जुवाखाली राबलेल्या बैलाची तिथली कातडी निबर होते. नसली, तर बैल कामाचा नाही, नुसता मिरवलेला. “ह्या मशीनला घट्टाच नाही,” ते म्हणाले, आणि जिलबी घ्यायला पुढे सरकले. कॉलेज कसं बघावं यावर या स्तंभाने आजवर जे रकाने भरले ते या चार शब्दांत बसले, हे कबूल करायला थोडं जड जातं.

सांगोल्याचा जनावरांचा बाजार ज्यांनी पाहिला असेल त्यांना पुढचं सांगायला नको. खिलार जोडी घ्यायची तर माणूस लवकर पोचतो, कारण ऊन चढलं की जनावर सुस्त होतं आणि विकणारा हुशार. आधी खूर. मग जबडा उघडून दात: बैलाला पुढचे दात खालच्याच जबड्यात, आठ. कायमचा एकही नाही तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. जुळल्यानंतरचं वय विकणाऱ्याच्या जिभेवर. मग चालवून बघायचं, पुढून, मागून. जमलं तर जुंपून बघायचं. हे चालू असताना एक प्रश्न सहज टाकायचा: विकताय कशापायी? उत्तराला फारशी किंमत नसते. ते यायला किती वेळ लागला त्याला असते. सौदा हेड्याशी, म्हणजे जनावरांच्या दलालाशी असेल तर गावातला जाणता माणूस बरोबर हवाच. आणि शिंगं? ती साळून, रंगवून, गोंडे बांधूनच आणलेली असतात. घेणारा तिकडे ढुंकून बघत नाही. शिंगं बघायला पोळा आहे.

हाच माणूस एका जोडीच्या कितीतरी पट पैसा चार वर्षांत ओतायला कॉलेजच्या गेटात येतो आणि शिंगं बघून परत जातो. एका लेथपुरता त्याचा हात चालला, पण सभागृहात तोही इतरांसारखाच मांडीवर फोल्डर ठेवून गप्प बसला होता. इंग्रजीची भीड, मुलासमोर अडाणी दिसू नये ही काळजी, आणि विद्येच्या जागी खोदून विचारू नये हा जुना संस्कार. संस्थाचालकांना तो संस्कार फार प्रिय आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून हा बाजारच आहे. फरक इतकाच की इथे जबडा उघडायला सांगणं असभ्य मानतात.

दात म्हणजे शिक्षक. एआयसीटीईच्या निकषाने पदवीला २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. ६० च्या एका तुकडीची चार वर्षं म्हणजे २४० मुलं, म्हणजे १२ शिक्षक. कॉम्प्युटरच्या तीन तुकड्या असतील तर ३६. स्टाफरूमच्या दारात उभं राहून टेबलं मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. संकेतस्थळावर शिक्षकांची यादी असते. ती छापून न्यावी आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारावं, यातले तुम्हाला कोण कोण शिकवतात? तासिका तत्त्वावरचे किती? मुलं खरं सांगतात. त्यांना अजून फोल्डर मिळालेलं नसतं.

हा प्रश्न आताच जास्त टोकाचा का झाला, तेही सांगायला हवं. २०२४-२५ पासून चांगल्या ठरलेल्या संस्थांसाठी जागांची कमाल मर्यादा एआयसीटीईने काढून टाकली. कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढल्या. पण एका मंजुरीच्या कागदाने लॅबमधले संगणक दुप्पट होत नाहीत, आणि अनुभवी प्राध्यापक तर मुळीच नाही. म्हणून ‘इनटेक किती’ यापेक्षा ‘दोन वर्षांपूर्वी किती होता, आणि तेव्हापासून लॅबमध्ये काय वाढलं’ हे विचारावं. त्या रविवारी एका पालकाने यातला पहिला अर्धा विचारला. दुसऱ्या अर्ध्याच्या आत ताक आलं.

फ्लेक्सवरच्या पॅकेजबद्दल इथे पूर्वी एवढं लिहून झालंय की आता लेखकालाच कंटाळा येतो. एकच भर. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थेला, किती मुलं उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, ही माहिती द्यावी लागते आणि ती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. मध्यक म्हणजे रांगेतला मधला मुलगा. फ्लेक्सवर असतो तो रांगेतला पहिला. या कॉलेजच्या फ्लेक्सवर सहा हसरे चेहरे होते. मधल्या मुलाबद्दल विचारल्यावर ‘प्लेसमेंट सेलला मेल करा’ असं उत्तर आलं. विकताय कशापायी?

नॅकची श्रेणी गेटवर सोनेरी अक्षरांत असते. ती संपूर्ण संस्थेची. आपल्या मुलीच्या शाखेबद्दल काही कळायचं असेल तर एनबीएची मान्यता बघावी, ती एकेका अभ्यासक्रमाला मिळते आणि तिला मुदत असते. मुदत संपलेली अक्षरंही तितकीच सोनेरी दिसतात. २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने लाचेच्या आरोपावरून नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली होती. प्रकरण आंध्रातलं. पण पाहुणे येणार म्हणून कुंड्या भाड्याने आणायची विद्या काही एकट्या आंध्राची नाही.

आता घड्याळ. वाचकांना हा सिद्धांत पाठ आहे आणि संपादकांना त्याचा वीट आलाय, तरी सांगायचंच. ज्या कॉलेजातलं भिंतीवरचं घड्याळ बंद, तिथे तास वेळेवर होत नाहीत. पुरावा नाही. एका वाचकाने मागे विचारलं होतं की मग १८७८ च्या राजाबाई टॉवरचं घड्याळ दुरुस्तीला थांबलं तेव्हा मुंबई विद्यापीठाचे निकाल लांबले का. निकाल लांबायला घड्याळ थांबावं लागतं असं त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तरी वाटत नाही, एवढंच उत्तर. रविवारच्या कॉलेजात सभागृहाबाहेरचं घड्याळ चालू होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या तिन्ही वर्गांतली बंद होती, आणि दुसरा मजला टूरमध्ये नव्हता.

जुन्या नामांकित संस्थांच्या बाबतीत या स्तंभाचा पक्षपात लपलेला नाही. सीओईपी १८५४ ची, व्हीजेटीआय १८८७ ची. त्या आवारांत पाऊल टाकलं की पालक चपला काढायच्याच बेतात येतात. पण दगडी इमारत हीसुद्धा शिंगंच, फक्त खूप जुन्या रंगाची. तिथेही मूठ घासलेली आहे का ते बघायला हरकत नसावी. बहुतेक ठिकाणी असेल. बघितल्यावर म्हणावं.

सगळ्यात जास्त राग मात्र वसतिगृहाचा आला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. चांगलं झालं. पण खोली आणि मेस माफ नाही, म्हणजे अनेक घरांत मुलगी शिकायला बाहेर जाईल की नाही हे आता वसतिगृहावर ठरतं. आणि नेमकं तेच दाखवायचं नाही? कारण दिलं सुरक्षेचं. भाचीने विचारलं, संध्याकाळी मेसच्या वेळी आईला घेऊन आले तर? रेक्टर मॅडमना विचारावं लागेल. रेक्टर मॅडम कुठे आहेत? रविवार आहे ना.

कॉलेज बघायचंच असेल तर बुधवारी दुपारी साडेतीनला, न सांगता. गेटवर अडवलं तर बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसावं, कोणत्या विषयाच्या आयत्या जर्नल्स किती खपतात हे त्या दुकानदाराइतकं प्राचार्यांनाही माहीत नसतं. आणि हे सगळं ऑप्शन फॉर्म भरण्याआधी. २०२५ च्या कॅपपासून पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांतलं, तिसरीत पहिल्या सहांतलं. फॉर्म सायबर कॅफेवाल्याच्या हाती देऊन मग कॉलेज बघायला निघालेले पालक दरवर्षी भेटतात. ते बघायला गेलेले नसतात, सामान ठेवायला गेलेले असतात.

त्या रविवारी शेवटी फोल्डरातून अभिप्रायाचा कागद निघाला. कॅम्पस कसा वाटला, पाच तारे रंगवा. सांगोल्याच्या मुलाने पाचही रंगवले. वडिलांनी पेन मागून घेतलं, तेच, कॉलेजच्या नावाचं, आणि ‘इतर सूचना’ या ओळीवर सावकाश लिहिलं: लेथला तेल नाही.

परत येताना ते बस थांब्यावर भेटले. पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत, कामाचा वार बघून. मुलाचा मामा भोसरीच्या एमआयडीसीत टर्नर आहे, त्याची पहिली पाळी तीनला सुटते. त्याला घेऊन येणार.