टेकडीवरचा पहारा

शिमगा झाला की आमच्या जांब्याच्या आसपासच्या टेकड्या काळ्या दिसू लागतात. कुसळी गवत वाळून कोळ झालेलं असतं, विडीचं एक थोटूक पुरतं. कुणी म्हणतं राब भाजताना ठिणगी उडाली, कुणी म्हणतं गवत जोमानं यावं म्हणून मुद्दाम लावली. लावणारा कधी सापडत नाही, हे मात्र दरवर्षीचं.

वणव्यावर पहारा ठेवणं आपल्याकडे नवं नाही. सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात १८६४ च्या सुमारास पिअर्सन या इंग्रज वनाधिकाऱ्याने आगीपासून जंगल राखण्याचा प्रयोग केला. अमेरिकेत १९१० साली दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं, आणि मग तिथे डोंगरमाथ्यांवर टेहळणीचे मनोरे उभे राहिले. मनोऱ्यातल्या गोल नकाशावर नेम धरून धुराची दिशा घ्यायची. दुसऱ्या मनोऱ्यावरूनही तसंच. दोन रेषा छेदतात तिथे आग. (मुलं विचारायची, भूमितीचा उपयोग काय? घ्या!)

आता ते काम उपग्रह करतात. आपल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहाच्या मदतीने आगीच्या सूचना द्यायला सुरुवात केली. मोठ्या जंगलाला त्याचा फार उपयोग, वादच नाही. पण त्यातला एक ठिपका म्हणजे पावणेचारशे मीटरचा चौकोन, आणि हे उपग्रह डोक्यावरून जातात ते साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला. आमच्या टेकडीवरचं गवत संध्याकाळी चारला पेटतं आणि तासाभरात सगळं उरकतं. घरट्यातली अंडी, पावसाळ्यात लावलेली रोपं, सगळंच. त्याची नोंद कोण घेणार?

म्हणून मला वाटतं, लोखंडी मनोरा नको, माणूस हवा. वनखातं हंगामी अग्निरक्षक नेमतं, पण ते त्यांच्या हद्दीपुरतं. टेकडी खात्याची, गायरान की खाजगी, हे आगीला कळत नाही; तिला सातबारा वाचता येत नाही. फेब्रुवारी ते मे असे चार महिने गावातलीच दोन पोरं दुपारभर माथ्यावर बसवावीत, हातात मोबाईल आणि झोडपायला ओल्या फांद्या. पगार ग्रामपंचायतीने द्यावा. कमी पडलं तर पावसाळ्यात इथे झाडं लावून फोटो काढून जाणाऱ्या कंपन्यांकडून घ्यावा. आणि जाळरेषा होळीच्या आधी काढाव्यात, नंतर नव्हे.